वजन नसलेली पावलं

मालन गेली हे घरात सगळ्यांत आधी फरशीला कळलं.

जोतीराम देसाई तेव्हा परसात बंब पेटवत होते. खिशातला फोन वाजला. पुण्याहून स्नेहल, त्यांची मुलगी.

"आप्पा, आई उठली नाही अजून?"

"झोपलीय. झोपू दे की जरा."

"फरशी सांगतेय, आज एकही पाऊल पडलेलं नाही. कुशीवर वळली की कॉट हलते, तेही नाही. आत जाऊन बघा ना."

राखेनं भरलेले हात तसेच घेऊन ते आत गेले. पावणा कॉटखाली पडून होता. एरवी जोतीरामांची चाहूल लागली की तो शेपटी फरशीवर आपटायचा. त्या सकाळी आपटली नाही, नुसते डोळे वर करून त्यांच्याकडे बघितलं. पुढचं त्यांना फोनवर सांगावं लागलं नाही.

पावणा हे कुत्र्याचं नाव मालननं ठेवलेलं. आजऱ्याच्या आठवडी बाजारातून ती सुकट घेऊन आली, तेव्हा हे पिल्लू पिशवीच्या वासानं मागं मागं थेट दारापर्यंत आलं. "तासाभराचा पावणा आहे, खाऊन जाईल," ती म्हणाली. पावणा खाऊन ओसरीवर झोपला आणि उठला तो घरचाच झाला. साधं गावठी कुत्रं, तांबूस, एक कान पडका.

मालनला कंपवात झाला तेव्हा पावणा चांगला मोठा झाला होता. कंपवात म्हणजे हातांची थरथर, एवढंच जोतीरामांना ठाऊक होतं. पायांचं नंतर कळलं. माणूस चालतो तेव्हा मेंदूत कुठंतरी एक ठेका चालू असतो. तो ऐकू येत नाही, पण पावलं त्यावर पडतात. या आजारात तो ठेकाच हरवतो. पायात ताकद असते, हाडं ठीक असतात, तरी पाऊल जमिनीला चिकटून बसतं. दारातून जाताना तर हमखास. बाहेरून कुणी ठेका दिला, की पाय पुन्हा उचलतात.

म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं प्रयोगासाठी म्हणून काही घरांत नवी फरशी बसवली, त्यात देसाईंचं घर होतं. फरशीखाली कागदासारख्या पातळ पट्ट्या. पट्टी दाबली की तिच्यातून थोडीशी वीज निघते, आणि उलट तिला वीज दिली की ती थरथरते. म्हणजे एकच पट्टी ऐकणारही आणि बोलणारही. पाऊल कुठं पडलं, किती वजनानं पडलं, टाच आधी की चवडा, सगळं ती भिंतीवरच्या डब्यात साठवायची. माणूस अडला, की त्याच्याच चांगल्या दिवसांतल्या चालीचा ठेका पुढच्या फरशीतून हळूच वाजवायची. तळव्याला गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं आणि पाऊल सुटायचं.

जोतीरामांना यात अजब काही वाटलं नाही. उभा जन्म त्यांनी एसटी चालवली होती. स्टँडवर चहा पिताना पाठमोरं बसून ते सांगायचे, कुठल्या डेपोची गाडी आत आली. माणसाची चालही तशीच ज्याची त्याची असणार.

त्यांच्या घराखालच्या वळणावरून आंबोलीकडची गाडी दिवेलागणीला परतायची. नोकरीत असताना त्या वळणावर ते दोनदा हॉर्न द्यायचे, आणि मालन आतल्या खोलीतून निघून पुढच्या दारात येऊन उभी राहायची. हात वगैरे काही करायची नाही. उभी राहायची, गाडी गेली की आत जायची. ते निवृत्त झाले, गाड्या बॅटरीवरच्या झाल्या, कोण कधी गेलं ते ऐकूसुद्धा येईना. तरी दिवेलागणीला मालन उठायची.

"आता कुणाची गाडी बघतेस? मी हितं बसलोय की."

"तुम्ही बसा. मी माझी सवय बघते," ती म्हणायची.

या वाटेवर मधल्या दाराला फणसाच्या लाकडाचा उंबरठा होता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तो काढायला सांगितला, तर मालननं चक्क हात जोडले. "रोज हळदकुंकू लावते मी त्याला. उंबरठ्याशिवाय घर म्हणजे एसटीचा स्टँड. त्यात राहायचं का आम्ही?"

फरशीचा ठेका उंबरठ्यापर्यंत यायचा, पण लाकडात पट्टी नव्हती. तिथं मालन अडायची ती अडायचीच. पाय जागच्या जागी थरथरायचे, चालायचे नाहीत. मग पावणा यायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या पुढ्यात आडवा उभा राहून तो आपली उजवी कूस तिच्या गुडघ्यावर रेलायचा. तो दाब लागला की तिचा पाय सुटायचा. "बघा, माझ्या गाडीचा किन्नर आला धक्का द्यायला," म्हणत ती उंबरठा ओलांडायची.

हे सगळं खुर्चीत बसून जोतीराम रोज बघायचे.

ती गेल्यावर घर आवाजानं नाही, पायानं रिकामं झालं. संस्थेचा माणूस भिंतीवरचा डबा काढायला आला, तेव्हा ते त्याला म्हणाले, "राहू दे की. तो काय खायला मागतोय?" पोरगा भला होता. डबा ठेवला, आणि जाताना जुनी चाल पुन्हा कशी वाजवायची तेही दाखवून गेला.

त्या दिवसापासून दिवेलागणीला जोतीराम चप्पल काढून खुर्चीत बसायचे आणि डोळे मिटायचे. आतल्या खोलीतून पावलं निघायची. टाच नाही, नुसता चवडा, घासत येणारी. पायाखाली जवळ जवळ यायची, उंबरठ्याशी अडायची, तिथं बराच वेळ थरथरायची, मग ओलांडून दारात जायची. ते डोळे उघडायचे तेव्हा दिवा लावायची वेळ झालेली असायची.

*

पुढं एका सकाळी पावणा उठला आणि त्यानं मागचा उजवा पाय टेकलाच नाही. तीन पायांवर उड्या मारत परसात गेला, तसाच परत आला.

जोतीरामांनी पंजा उलगडून काटा शोधला. काटा नव्हता. सूज नव्हती. शेजारचा बाबू गुरव कुंपणापलीकडून सल्ले द्यायला लागला.

"कुणी दगड मारला असंल."

"घराभायेर जातोय कुठं तो?"

"मग जनावर चावलं असंल. नाहीतर वात. मालनवहिनीचा वात त्याच्या अंगात आला असंल."

"तुझ्या जिभेला वात आला तर बरं होईल," जोतीराम म्हणाले आणि पावण्याला रिक्षात घालून गडहिंग्लजला निघाले.

डॉक्टर नसरीन मुजावर वयानं स्नेहलएवढीच. बोलताना हात थांबत नव्हते. तिनं पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली, मग दुखऱ्या पायाचा पंजा उलटा करून टेबलावर टेकवला. पावण्यानं तो लगेच सुलटा केला.

"हे चांगलं, काका. पाय कुठं आहे हे मेंदूला कळतंय. म्हणजे पाठीच्या मणक्यात दोष नाही."

मग मांडीच्या आतून नाडी बघितली. "पंजा गरम आहे, नाडी आहे. रक्ताची गाठ अडकलेली नाही." मग एका हातात मांडी आणि दुसऱ्यात पायाची नळी धरून तिनं गुडघा हलकेच पुढं ढकलला. टेबलाचा खण सरकावा तशी नळी जराशी पुढं सरकली. पावणा कळवळला.

"सापडलं. गुडघ्यात आत दोन दोऱ्या असतात, फुलीसारख्या एकमेकींवरून गेलेल्या. त्यातली पुढची उसवलीय. अजून तुटलेली नाही. यानं उडी मारली का? खड्ड्यात पाय गेला?"

"न्हाई. घर आणि परसू, एवढीच त्याची दुनिया."

तिनं छोटं यंत्र गुडघ्यावर धरून पडद्यावर आतलं चित्र बघितलं. बराच वेळ बघत राहिली. "हे एकदम झालेलं नाही. लंगडणं एकदम दिसलं. दोरी मात्र रोज थोडी थोडी झिजलीय, एकाच दिशेनं पीळ बसून. रोज काहीतरी घडतंय, काका."

"चाक एका बाजूला ओढलं की टायर एका कडेनंच झिजतोय, तसं?"

"अगदी तसं. ते ओढणं थांबलं तर दोरी सांधेल. नाही थांबलं तर एक दिवस तुटेल." तिनं स्टेथोस्कोप पावण्याच्या छातीला लावला आणि चेहरा बदलला. "आणि तुटली तर मी ऑपरेशन करू शकणार नाही. त्याच्या हृदयात नको तो आवाज आहे. भूल झेपायची नाही."

जोतीरामांनी पावण्याच्या पडक्या कानावर हात ठेवला. घरात आता दोघंच होते.

*

त्यांनी पावण्याला ओसरीच्या खांबाला बांधलं. औषध भाकरीच्या घासातून दिलं. दिवसभर पडून राहिला की पाय जरा बरा वाटायचा, पंजा टेकायचाही. आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा अधांतरी.

आठवड्यानं डॉक्टरांनी पुन्हा यंत्र लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वाढलंय. बांधून ठेवता ना?"

"ठेवतोय की."

"चोवीस तास?"

"संध्याकाळी तेवढा सोडतो. रडतोय त्या वेळेला, बघवत नाही. लांब कुठं जात नाही तो, घरातल्या घरातच."

"तुमच्याकडे ती चालीची फरशी आहे ना? पहिल्या दिवशी तुम्हीच कार्डावर लिहून दिलंत. तिच्यात याचीही पावलं असणार. मला ती बघायला द्या. कुठं, कधी, कसा पाय पडतो, सगळं दिसेल."

"ती बंद केलीय," जोतीराम म्हणाले.

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. नोकरीत असताना एखाद्या स्टॉपवर गाडी न थांबवता पुढं गेले, तरी घरी येऊन मालनला सांगायचे. रिक्षातून परतताना त्यांनी पावण्याकडे एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्नेहलचा फोन आला.

"आप्पा, मुजावर डॉक्टरांनी मला फोन केला होता. कार्डावर माझाही नंबर आहे. तुम्ही फरशी बंद केली असं सांगितलंत?"

"हं."

"मी त्यांना सगळी नोंद पाठवली. फरशीचं खातं माझ्या नावावर आहे."

जोतीरामांना वाटलं, आपण उघडे पडलो. "मग तुला ठाऊक असंल."

"मला पहिल्यापासून ठाऊक आहे. रोज संध्याकाळी मला मेसेज येतो, आप्पा. 'आई चालली.' ऑफिसातून निघायची वेळ असते. तो बघते आणि जिना उतरते."

"बंद करायचास की मेसेज."

"तुम्ही केलंत का?"

पूर्वी फोनवर अशी शांतता पडली, की मागून मालनचा आवाज यायचा, "पैसे पडतात गं पोरी, बोला तरी." पैसे पडायचे दिवस कधीच गेले होते, पण तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

*

त्याच आठवड्यात डॉक्टर नसरीन पलीकडच्या वाडीवर म्हैस बघायला आली होती, तिथून दिवेलागणीच्या आधी ती देसाईंच्या घरी आली. चहा घेतला. मग टॅब्लेट काढून जोतीरामांच्या शेजारी स्टुलावर बसली. पडद्यावर घराचा नकाशा होता आणि त्यावर ठिपके.

"हे लाल ठिपके पावण्याचे. दिवसभर काही खास नाही. हे बघा, संध्याकाळी. इथं मधल्या दाराशी तो आडवा उभा राहतो आणि सगळं वजन मागच्या उजव्या पायावर येतं. नुसतं येत नाही, पिळलं जातं. पाय घसरतो, तो सावरतो, पुन्हा घसरतो. रोज, त्याच जागी." तिनं बोट जरा बाजूला नेलं. "आणि हे निळे ठिपके मला कळले नाहीत. त्याच वेळेला आतून दोन पायांची पावलं येतात. पण वजन शून्य. काका, तुमच्याकडे कोण येतं?"

जोतीराम उठले, डब्यापाशी गेले, बटण दाबलं आणि खुर्चीत बसले. "चप्पल काढ, पोरी. आमची मालन येतीय," म्हणाले. तिनं काढली.

पावलं निघाली. आज त्यांनी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले.

पावणा ओसरीवरून तीन पायांवर आत आला. दुखरा पाय अधांतरी धरून तो पावलांच्या उजव्या अंगानं चालू लागला, मान जराशी वर, कुणाच्या तरी तोंडाकडे बघत. उंबरठ्याशी पावलं अडली आणि थरथरू लागली. पावणा पुढं होऊन आडवा झाला. दुखरा पाय त्यानं खाली टेकला. उजवी कूस मालनच्या गुडघ्यावर रेलली.

गुडघा तिथं नव्हता. तो कलला, पाय फरशीवर सरकला, गुडघ्यातून पिळला. त्यानं कसंबसं सावरलं आणि पुन्हा रेलला. पुन्हा सरकला. फरशी थरथरत होती तोवर तो हटला नाही. मग पावलं उंबरठा ओलांडून गेली, आणि पावणा धापा टाकत तिथंच बसला. शेपटी मात्र एकदा आपटली, काम झाल्यासारखी.

नसरीननं ओढणीनं डोळे टिपले आणि मग डॉक्टरच्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला. "टेकू द्यायला जातो, आणि पलीकडून कुणीच त्याला पेलत नाही. काकू होत्या तेव्हा दोघं एकमेकांना पेलत होती. आता सगळा भार त्या एका दोरीवर."

"मी डोळे मिटून बसत होतो," जोतीराम म्हणाले.

"काकू चांगल्या चालायच्या तेव्हाचीही चाल असेल ना यात? न अडणारी? ती लावली तर हा आडवा होणार नाही."

"आहे. लावून बघितली सुरवातीला. भरभर जाती ती. कुणाचीही असंल तशी. अडती ती मालन."

नसरीननं वाद घातला नाही. पावण्याचा गुडघा चाचपला, पट्टा बांधला, आणि दारात चप्पल घालताना म्हणाली, "काका, मी नुसतं कारण सांगितलं. उपाय तुम्हाला ठाऊक आहे."

*

दुसऱ्या दिवशी जोतीरामांनी मधला मार्ग काढून बघितला. पावण्याला उचलून बाबू गुरवाच्या गोठ्यात नेऊन बांधलं.

"आता ह्याला कशाला आणलास?" बाबू म्हणाला.

"तुझी म्हैस एकटी हाय. सोबत."

"म्हशीनं तक्रार केलीवती का?"

"तुझीच केलीवती. बघ त्याच्याकडं जरा."

घरी येऊन त्यांनी बटण दाबलं. पण खुर्चीत बसवेना. ते उंबरठ्याशी जाऊन उभे राहिले, अनवाणी. पावलं आतून आली, त्यांच्या पुढ्यात अडली. तळव्याखाली फरशी थरथरत होती, भेदरलेल्या कोकराला हातात धरल्यासारखी. इतकी वर्षं हे त्यांनी खुर्चीतून बघितलं होतं. जवळून कसं लागतं, ते आज कळलं. हे तिनं दर संध्याकाळी सोसलं होतं, केवळ त्यांची नसलेली गाडी बघायला दारात जावं म्हणून.

त्यांनी पावण्यासारखा गुडघा पुढं केला. तो कुठंच टेकला नाही. चौकट धरली म्हणून पडले नाहीत.

लांबून, गुरवाच्या गोठ्यातून, पावणा ओरडत होता. एवढ्या अंतरावरून त्याला पावलं कळत होती, की नुसती वेळ कळत होती, कोण जाणे. पावलं ओलांडून दारात गेली. जोतीरामांनी डबा बंद केला आणि कुत्र्याला आणायला गेले.

त्यानंतर त्यांनी ती चाल लावली नाही.

पहिले काही दिवस पावणा दिवेलागणीला उठून आतल्या खोलीच्या दिशेनं बघत उभा राहायचा. मग एकटाच उंबरठ्याशी जायचा, त्यावर हनुवटी टेकून पडायचा. रेलायला कुणी आलं नाही, म्हणून रेलला नाही. पाय हळूहळू टेकू लागला. आधी पंज्याची टोकं, मग पूर्ण. थंडी सरता सरता डॉक्टरांनी पुन्हा गुडघा ढकलून बघितला. नळी सरकली नाही.

"दोरी सांधली," ती म्हणाली. "आता काका, तो उंबरठा काढून टाका. आणि डब्यातलं ते पुसून टाका. चुकून कुणी बटण दाबलं तर हा पुन्हा उभा राहील."

वर्षश्राद्धाला स्नेहल आली. तिनं सुतार बोलावला. फणसाचा उंबरठा निघाला. जोतीरामांनी तो ओसरीवर दोन दगडांवर आडवा टाकला, बसायला. पावणा त्याच्याखाली झोपतो.

निघायच्या दिवशी स्नेहल डब्यापुढं उभी राहिली. "आप्पा, मी पुसू? की तुम्ही?"

"तुझ्या मेसेजचं काय?"

"आता येत नाही. तुम्ही लावत नाही ना." ती जरा हसली. "तरी त्या वेळेला फोन बघते मी. सवय."

"आईसारखी," ते म्हणाले.

तिची गाडी खालच्या वळणावर आली तेव्हा जोतीराम पुढच्या दारात जाऊन उभे राहिले. पावणा चारही पाय टेकून त्यांच्या उजव्या अंगाला उभा होता. गाडीला आवाज नव्हता, पण स्नेहलनं ड्रायव्हरला सांगून दोनदा हॉर्न वाजवायला लावला. त्यांनी हात वगैरे काही केला नाही. गाडी गेली, ते आत आले.

पावण्याचा पाय बरा आहे. उंबरठा निघाला आहे. मालनची पावलं पुसायची तेवढी राहिली आहेत.